इहिरीतून थेट हॅवलॉक: स्कुबाबद्दल काय विचारायचं ते विचारा

कापूसकोंड्या

रामराम मंडळी.

तूर निघाली, कापसाची शेवटची वेचणी झाली आणि भाच्याच्या नादाने अंदमानला जाऊन स्कुबा (पाठीला टाकी बांधून समुद्रात बुडी) करून आलो. आमचं गाव आर्वी तालुक्यात. इथून कुठल्याही दिशेने निघा, समुद्र लागायला रस्त्याने सहा-सातशे किलोमीटर तरी जावं लागतं. समुद्राच्या तळाशी बसून आलो असं पानठेल्यावर सांगितलं तर पहिला प्रश्न आला, "कायले?" त्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. दुसरा प्रश्न होता, "भेव नाई वाटलं का?" त्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून हा धागा.

मी पोहायला इहिरीत शिकलो. मोठ्या काकांनी पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधला, झाकण डांबराने बुजवलं आणि थारोळ्यावरून ढकलून दिलं. आठवड्याभरात डबा सुटला. मग मे महिन्यात पोट्ट्यांची पैज लागायची: बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन यायचं. वीसेक फूट पाणी असायचं. खाली जाताना कानात सुया टोचायच्या, पण मूठ रिकामी घेऊन वर आलं तर दिवसभर चिडवणूक. त्यामुळे दम धरायचा, दात दाबायचे आणि जायचं. एवढंच शास्त्र.

हेच शास्त्र घेऊन मी हॅवलॉकला पोचलो (अंदमानातलं बेट, आता सरकारी नाव स्वराज द्वीप, बोटवाले अजून हॅवलॉकच म्हणतात). इन्स्ट्रक्टरला ऐटीत सांगितलं की लहानपणापासून विहिरीत बुड्या मारतोय. तो म्हणाला, "फिर तो आपको ज़्यादा टाइम लगेगा." तेव्हा राग आला होता.

छातीएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवतात, तोंडात रेग्युलेटर, म्हणजे टाकीतून श्वास घ्यायची नळी. मी एक दणदणीत दम भरला आणि धरून ठेवला. डोकं पाण्याखाली गेलं की छातीला आपोआप कुलूप लागतं, तीस वर्षांची सवय. त्याने माझ्या डोळ्यांसमोर बोट नाचवलं आणि स्वतःच्या बुडबुड्यांकडे दाखवलं. त्याचे बुडबुडे चालू, माझे बंद. तोवर छातीत कोंबलेल्या हवेने मी भोपळ्यासारखा वर. त्याने टाकीला धरून खाली ओढलं. असं चारदा झालं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला श्वास सोडायला शिकवत होतं. भाचा, ज्याला धड पोहता येत नाही, तो शेजारी बसून निवांत बुडबुडे काढत होता. त्याला विसरायला काही नव्हतंच.

त्या दिवशी खोलात गेलोच नाही. तीन मीटरवर डावा कान असा ठणकला की इहीर आठवली. दात दाबून आणखी खाली जायला निघालो तर इन्स्ट्रक्टरने हात आडवा घातला आणि वर आणलं. चेन्नईपासून सर्दी होती. फॉर्मवर "सर्दी नाही" असं लिहून सही मीच ठोकली होती. पैसे गेले. वाद घातला नाही, घालायला तोंड कुठे होतं.

दोन दिवसांनी नाक मोकळं झालं, परत गेलो. निमो रीफ म्हणून नवशिक्यांची जागा आहे, किनाऱ्यावरून चालतच पाण्यात शिरायचं. या वेळी दर हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी. कानात 'टक्' होतं आणि दुखणं सुरूच होत नाही. इहिरीत हे कोणी सांगितलं असतं तर आमच्या आळीतल्या दोघांचे कान आज शाबूत असते.

खाली सगळ्यात आधी ऐकू काय आलं? तडतड. वावरात पऱ्हाट्या पेटवल्यावर येते तशी, पण चहूकडून. दिशाच कळत नाही. एका जातीची बोटभर कोळंबी नांगी चटकन मिटते, हजारोंनी, त्याचा आवाज. मनगटाला देवळातला लाल धागा होता, तो सात-आठ मीटरवर काळपट करडा दिसायला लागला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी खातं, हे वाचलेलं होतं, पण स्वतःच्या मनगटावर पाहिलं तेव्हा चरकलोच.

मग पोवळी. कोणी सांबरशिंगासारखी फांद्या फुटलेली, कोणी गव्हाच्या पोत्याएवढा अक्रोड. एका फटीत निळ्या ओठांचा भला मोठा शिंपला वासलेला होता. माझी सावली पडली तसे ओठ आत ओढले, कोणी दार लोटून घ्यावं तसे. केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचा अंगठ्याएवढा मासा त्याच्या झुलत्या झुडपातून (ते झुडूपही प्राणीच आहे) थेट माझ्या हातावर चालून आला. एवढासा जीव. मी मागे सरलो.

खूश होऊन मी इन्स्ट्रक्टरला अंगठा दाखवला. तो लगेच मला वर न्यायला लागला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा आहे, 'मस्त' नव्हे! 'ठीक आहे'साठी अंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा. ही चूक करू नका, दोन मिनिटं वाया जातात.

विचारा आता.

टिनाचा डबा

बावा, डालड्याच्या डब्याचं वाचून डोळेच भरून आले. माह्या पाठीचा डबा गंजेल होता, अर्ध्या इहिरीत गेल्यावर पाणी शिरलं. तवापासून माहं नाव टिना पडलं. मस्त लिहिलं भाऊ.

संत्राबर्फी

एका ऑक्सिजनच्या टाकीत किती वेळ राहता येते? आणि मधातच संपली तं?

कापूसकोंड्या

@संत्राबर्फी, मीही तेच धरून चाललो होतो, पण टाकीत ऑक्सिजन नसतो. आपण घेतो तीच साधी हवा, गाळून, वाळवून, दाबून भरलेली. निव्वळ ऑक्सिजन जास्त दाबाखाली फुप्फुसात गेला तर विषासारखा वागतो, झटके येतात. दाब म्हणाल तर मोटारीच्या टायरात साधारण २ बार असतो, टाकीत २००. एका टाकीत मावते सुमारे २२०० लिटर हवा.

किती पुरते ते खोलीवर आणि घाबरटपणावर. भाच्याच्या टाकीत वर आल्यावर निम्मी शिल्लक, माझी पाऊण गेलेली. सोबत किती हवा उरली ते दाखवणारा काटा असतो, तो इन्स्ट्रक्टर सारखा पाहतो. शिवाय त्याच्या टाकीला जास्तीचा एक रेग्युलेटर लावलेला असतो, तुमच्यासाठी.

वैनगंगाकाठ

धागा वाचून माह्या बापाले सांगितला. आमी ढिवर जी, मासोळी धरणारे, भंडारा जिल्ह्यातले. बाप आयुष्यभर मामा (माजी मालगुजारी) तलावात अन् वैनगंगेत बुडला. गणपतीच्या शिरवण्याले (विसर्जनाले) कोणी डोहात गेला का पोलीस पाटील आमच्याच दारात. टाकी नाई, चष्मा नाई. गढूळ पाण्यात हातानं चाचपडत बॉडी काढली त्यानं कितीक. तीस फूट खोल डोह असन तं तीस फूट. पैसा कोणी देल्ला नाई, कोणी नारळ अन् टॉवेल देल्ला.

त्यानं इचारलं, वीस मिनिटं मासे पाह्याचे किती घेतात? मी म्हटलं साडेचार हजार. बुढा लय वेळ हासला.

पण एक सांगा. तो तं जन्मभर दम धरूनच बुडला. त्याले काही झालं नाई. मंग तुमाले दम धरू नका काहून म्हणतात?

खारावारा

@वैनगंगाकाठ, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे. आधी तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. आम्ही शिकून, यंत्रं लावून करतो ते त्यांनी गढूळ पाण्यात नुसत्या छातीवर केलं.

मी मूळचा वाशिमचा, बारा वर्षं मालवणात डायव्हिंगच्या धंद्यात आहे. समजावून पाहतो.

वर हवेचा दाब एक पट. पाण्यात दर दहा मीटरला एक पट वाढतो. १० मीटरवर दोन पट, २० वर तीन पट. दाब दुप्पट झाला की हवेची जागा निम्मी होते.

तुमचे वडील काठावर पाच लिटर दम भरतात आणि तीस फुटांवर जातात. तिथे ती हवा आक्रसून अडीच लिटरची होते. वर येताना फुगत फुगत पुन्हा पाचच लिटर. जेवढी भरली तेवढीच. छातीला काही होत नाही.

आता कापूसकोंड्या भाऊ. ते तीस फुटांवर बसून टाकीतून पाच लिटर घेतात. ती दाबाखालची हवा आहे. त्यांनी इहिरीच्या सवयीने दम धरला आणि वर सुटले, तर पृष्ठभागावर येईस्तोवर तिची दहा लिटर होते. फुप्फुस पाच-सहा लिटरची पिशवी आहे. ती फाटते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरतात, तिथून मेंदूत. याला दहा मीटरही लागत नाहीत. दीड मीटरवरून, म्हणजे डोकं बुडेल एवढ्याशा पाण्यातून पूर्ण दम धरून वर आल्यावरही असं झालेलं आहे. म्हणून पहिला नियम: श्वास चालू ठेवा, कधीच अडवू नका.

इन्स्ट्रक्टर "ज़्यादा टाइम लगेगा" म्हणाला ते खरंच. चांगले पट्टीचे पोहणारे आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही जास्त सावध असतो. न पोहणारा घाबरला तर हात धरतो. पोहणारा घाबरला तर दम धरून वर सूर मारतो.

वैनगंगाकाठ

समजलं जी. बापाले वाचून दाखवलं. तो म्हणते का कानाचं त्याले ठाव होतं, तो थुका गिळत जाते खाली.

खारावारा

गिळणं हीसुद्धा रीत आहे. नाक-घसा-कान यांना जोडणारी नळी गिळताना उघडते. काहींना नाक न धरताच जमतं. नियम एकच, दुखायच्या आधी करायचं. एकदा दुखायला लागलं की नळी दाबाने मिटलेली असते, मग कितीही जोरात फुंका, उघडत नाही, उलट पडदा फाटायचा. हातभर वर यायचं, मोकळं करायचं, मग पुन्हा खाली. सर्दी असेल तर जायचंच नाही. सर्दीची गोळी खाऊन जाणारे आणखी मोठे शहाणे: गोळीचा असर खालीच उतरला की वर येताना हवा अडकते.

तुरीची डाळ

छान धागा. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला फार हौस. मला साडेतीनचा चष्मा. शिवाय कपड्यांचं काय? आमच्याकडे सासूबाईंना विचारून जावं लागेल.

कापूसकोंड्या

ताई, दहा वर्षं पूर्ण असली की चालतं. पहिल्या अनुभवाच्या बुडीत १२ मीटरच्या खाली कोणालाच नेत नाहीत आणि त्या बुडीसाठी पोहता येण्याची अट नाही. पुढचा ओपन वॉटरचा कोर्स करायचा असेल तर २०० मीटर न थांबता पोहून दाखवावं लागतं, दहा मिनिटं तरंगावं लागतं, मग १८ मीटरपर्यंतचा परवाना.

चष्म्याच्या नंबरचे मास्क मिळतात, उणे नंबरचे बहुतेक ठिकाणी असतात. आधी फोन करून विचारा. कपडे म्हणाल तर वेटसूट मनगट-घोट्यापर्यंत असतो, नऊवारीपेक्षा जास्त झाकतो. सासूबाईंना फोटो दाखवा.

जाता जाता, मास्कला खरा त्रास मिशीचा. माझ्या मिशीतून पाणी झिरपत होतं, दर दोन मिनिटांनी नाकाने फुंकून काढावं लागे. दुसऱ्या खेपेला नाकाखालची पट्टी भादरून गेलो. बायकोने विमानतळावर ओळखलं नाही. (हलकं घ्या.)

पीएचसीवाली

@तुरीची डाळ आणि सगळेच, एक गोष्ट इथे कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी गडचिरोलीकडे आरोग्य खात्यात काम करते. आपल्या पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) भरपूर आहे आणि खूप जणांना आपला पॅटर्न माहीतच नसतो. एस एस पॅटर्न, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर स्कुबा करू नये. थंडी, दमणूक, ऑक्सिजन कमी पडणं, यातलं काहीही झालं की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिन्यांत अडकतात. ए एस म्हणजे नुसता वाहक असेल तर डॉक्टरांना दाखवून, लिहून घेऊन ठरवा. तिथल्या फॉर्मवर हा प्रश्न ठळक असेलच असं नाही, कारण तो फॉर्म आपल्या भागासाठी बनलेला नाही. तपासणी आपल्या ग्रामीण रुग्णालयात होते.

बाकी दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण, यांत डॉक्टरांच्या सहीशिवाय नाहीच. गरोदर असाल तर सहीनेही नाही. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका. कापूसकोंड्या भाऊंनी सर्दी लपवली ती कानावर निभावली.

कापूसकोंड्या

मान्य ताई. कान धरले. (तोच, डावा.)

पानठेला

वाचतोय. सगळं ठीक, पण साडेचार हजारात बॅटरीवाला फवारणी पंप येते अन् वरतून चहापाणी. इमानाचं भाडं धरलं तं कापसाचे किती क्विंटल गेले तुमचे? आमच्या गावात यंदा लोकं बोंडअळीनं रडून रायले, अन् तुम्ही मासे पाहून रायले.

कापूसकोंड्या

खरं बोललास पानठेला. हिशोब मांडला तर सव्वा एकराचं उत्पन्न गेलं. भाच्याला पुण्यात नोकरी लागली, निम्मा खर्च त्याचा. हे नसतं तर गेलो नसतो. लपवायचं काय त्यात.

तरीही सांगतो, वीस मिनिटं कोणाचा फोन नाही, भाव काय उघडला नाही, ढग कुठे गेले नाही. फक्त श्वास आत, श्वास बाहेर.

पानठेला

हं. हे मात्र इकत घ्यावं असं हाय.

मंगळसूत्रे

एक शंका. आमच्या गुरुजींनी मंगळासाठी पोवळं घालायला सांगितलंय. तिकडे इतकं पसरलेलं असतं तर एखादा तुकडा आणता आला असता का? किनाऱ्यावर पडलेला?

खारावारा

नाही. उचलूसुद्धा नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये प्रवाळ आहेत, म्हणजे वाघ ज्या रांगेत त्याच रांगेत. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडासुद्धा चालत नाही. विमानतळावर बॅगेत सापडतात आणि मग जो तमाशा होतो तो मी पाहिलाय.

शिवाय अंगठीतलं लाल पोवळं वेगळ्या जातीचं. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येतं. हॅवलॉकचा तुकडा आणला असता तरी मंगळाने ओळखला नसता.

गोटेवाला

अवांतर, पण राहवत नाही. "विदर्भात समुद्र कुठे" असं सगळे म्हणतात. वणी, मुकुटबन, कोरपना इकडे सिमेंटचे कारखाने कशावर चालतात? चुनखडकावर. तो चुनखडक समुद्राच्या तळाशीच साचला. आपण समुद्राच्या तळावर कापूस पेरतो.

टिनाचा डबा

म्हणजे तेबी पोवळेच का?

गोटेवाला

नाही, इथेच लोक घसरतात. पैनगंगेच्या खोऱ्यातला तो चुनखडक किमान ५४ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा पोवळी जन्मालाच आली नव्हती. आजच्या जातीची दगडी पोवळी साधारण २४ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतात. आपल्या समुद्रात शेवाळासारख्या सूक्ष्म जिवांचे थर होते. मासाही नव्हता. साडेचार हजार देऊन तेव्हा बुडी मारली असती तर नुसता चिखल दिसला असता.

संत्राबर्फी

पोवळी पांढरी पडतात म्हणतात, ते दिसलं का? पेपरात येते की पाणी एक डिग्रीनं तापलं म्हणून मेली. एका डिग्रीनं काय होते बावा, आमच्याकडे मे मध्ये ४६ जाते, कोणी पांढरं नाही पडत.

कापूसकोंड्या

मेलेली दिसली. नव्या फांद्यांच्या मध्येच जुनी, तपकिरी बुरा चढलेली झाडं, पडक्या वाड्यासारखी. इन्स्ट्रक्टरने पाटीवर लिहून दाखवलं, २०१०. त्या उन्हाळ्यात अंदमानात खूप गेली म्हणे. नीट माहिती खारावारा देतील.

खारावारा

पोवळं हा प्राणी. त्याच्या कातडीत सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि पोवळ्याला बहुतेक सगळं जेवण तेच पुरवतं. रंगही त्याचाच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या डिग्रीने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की शेवाळ विष सोडायला लागतं आणि पोवळं त्याला हाकलून देतं. मग आतला पांढरा सांगाडा दिसतो. ते लगेच मरत नाही, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शेवाळ परत येतं.

एका डिग्रीचं म्हणाल तर संत्राबर्फी, समुद्रात रात्र आणि दिवसाचं तापमानही फारसं हलत नाही. ज्याने कधी बदल पाहिलाच नाही त्याला एक डिग्री पुष्कळ. १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४, लक्षद्वीपने हे चारदा सोसलंय.

तुरीची डाळ

अंदमान आवाक्याबाहेर आहे. मालवण-तारकर्लीला हेच दिसेल का? खारावारा भाऊ, खरं सांगा, धंदा बाजूला ठेवून.

खारावारा

धंदा बाजूला ठेवून: हेच नाही दिसणार. आमच्याकडे पाणी गढूळ, चांगल्या दिवशी पाच-सहा मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या पायातले पंख (फिन) दिसत नाहीत. पोवळी आहेत, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. पण अंदमानसारखी बाग मनात धरून येऊ नका. ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात सगळं बंद. डिसेंबर-जानेवारीत सकाळची वेळ घ्या. तारकर्लीला एमटीडीसीचं प्रशिक्षण केंद्र आहे, शिकायचं असेल तर तिकडे बघा.

एक मात्र पाळा. काही बोटवाले फोटोसाठी पाव चुरून मासे गोळा करतात आणि पर्यटकाला पोवळ्यावर उभं करतात. स्पष्ट नाही म्हणा. गव्हाच्या पोत्याएवढं जे लिहिलंय ना वर, ते वर्षाला सेंटिमीटरभर वाढतं. तुमच्या आजोबांच्या आधीपासून तिथे आहे ते.

आणि विदर्भातून मालवणला येणाऱ्यांसाठी खास: परवानाधारक डायव्हर असाल, दोन-तीन दिवस खोल बुड्या मारल्या असतील, तर त्याच संध्याकाळी आंबोली किंवा फोंडा घाट चढू नका. विमानाचा नियम सगळ्यांना माहीत असतो: एकच बुडी असेल तर किमान १२ तास, एकाहून जास्त किंवा जास्त दिवसांच्या असतील तर किमान १८ तास थांबा. पण डायव्हिंगच्या हिशोबात समुद्रसपाटीपासून ३०० मीटर वर गेलं की उंचीच धरतात आणि आंबोली त्याच्या दुपटीहून वर आहे. खालच्या दाबात रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर गेल्यावर सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. सांधे धरतात, कधी त्याहून वाईट. अनुभवाच्या उथळ बुडीला एवढी काळजी नाही, तरी एक रात्र मालवणात काढाच. मासे खा.

झुंबरलाल

सगळा धागा वाचला. आपण ठरवलं, आपल्याच इहिरीत सराव करू. गॅरेजवाल्या मित्राचा कॉम्प्रेसर आणला हाय, टायरात हवा भराचा. पन्नास फूट पाइप. तोंडात पाइप धरून खाली बसाचं, डिझेल पंपाच्या इंजिनवर कॉम्प्रेसर चालवाचा. अंदमानचे पैसे वाचले! इतवारी करून व्हिडिओ टाकतो.

खारावारा

झुंबरलाल, करू नका. हात जोडतो.

एक, टायरच्या कॉम्प्रेसरमधून तेलाची वाफ येते, ती फुप्फुसात जाऊन बसते. दोन, शेजारी डिझेल इंजिन. त्याचा धूर कॉम्प्रेसर ओढणार. त्यात कार्बन मोनॉक्साइड, ना वास ना रंग. वर जेवढ्याने डोकं दुखेल तेवढ्याने खाली दाबामुळे शुद्ध जाईल. तीन, इंजिन बंद पडलं की हवा बंद, तुम्ही दचकून दम धरून वर येणार, आणि त्याचं काय होतं ते वर लिहिलंय. त्यासाठी तुमची इहीर पुरेशी खोल आहे.

पीएचसीवाली

आणि इंजिन इहिरीच्या आत उतरवायचा बेत असेल तर तो आधी सोडा. इंजिनच्या धुराने इहिरीत गुदमरलेली माणसं मी पाहिली आहेत. एकाला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा.

वैनगंगाकाठ

बाप म्हणते, त्या पोराले सांग का मी आता म्हातारा झालो, मले डोहात उतरवू नको.

कापूसकोंड्या

झुंबरलाल, सरावच करायचा तर मास्क आणि स्नॉर्कलची नळी घे. इहिरीत कोणाला तरी कठड्यावर बसव, पायरीवर उभा राहून तोंड पाण्यात घाल आणि नुसता श्वास घे-सोड. छातीचं कुलूप उघडायला मला चार खेपा लागल्या, तुला इथेच उघडता येईल. कान मोकळे करायची सवय तर खाटेवर बसूनही होते, नाक धरून हळूच फुंकायचं. नंतर मालवणला जा, मी येतो सोबत.

आणि गावात कोणी हे करतंय असं कानावर आलं तर थांबव रे बाबा.

झुंबरलाल

बरं.

झुंबरलाल

कॉम्प्रेसर वापस करून आलो. मित्र म्हणते भाडं दे दोन दिवसाचं, चारशे रुपये. मास्क अमरावतीत पाह्यला, साडेसहाशे सांगते. मिशी ठेवली तं चालन का, की भादरूनच घेऊ?

टिनाचा डबा

भादर बावा. पयले फोटो टाक.